जिथून उचललं, तिथंच

अहो, आले मी एकदाची तुमच्या सड्यावर, त्या डोंगरमाथ्यावर.

एकतीस वर्षं तुम्ही म्हणत होतात, "एकदा चल, एकदाच." मी विचारायची, "तिथे बघण्यासारखं आहे काय?" तुम्ही म्हणायचात, "काही नाही. म्हणून तर चल." असल्या उत्तरावर कोणती बाई घर टाकून डोंगर चढेल? शाळेची नोकरी होती, मुलगी लहान होती, सासूबाईंची औषधं होती. ही कारणं एकेक करून संपली तेव्हा माझे गुडघे दुखायला लागले. आणि आता तुम्ही गेल्यावर महिन्याच्या आत मी चढून आले. म्हणजे चढता येत होतं. यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, तेव्हा म्हणू नका.

तुमच्या कॉलेजातून फोन आला होता. तुमच्यावर स्मरणिका काढतायत. "मॅडम, थोडी पानं द्या, सरांच्या घरगुती आठवणी." घरगुती म्हणजे कसल्या ते मला कळतं. सर साधे होते, पानात पडेल ते खायचे, बिबट्याच्या पिल्लांना पोटच्या पोरांसारखं जपायचे. तेराव्याला सांगलीत आपल्या विश्रामबागेच्या घरी जो उठला तो तुम्हाला देवमाणूस म्हणत होता आणि मी समोर बसून मान हलवत होते. देवमाणसाच्या बायकोची फार पंचाईत असते. तिला त्याच्यावर रागावता येत नाही, आणि आपलंच काही चुकलं असं ती सांगायला गेली तर लोक तिच्या पाठीवरून हात फिरवतात आणि पाणी आणून देतात. महिनाभर मी पाणीच पितेय.

पानात पडेल ते तुम्ही मुळीच खात नव्हतात. शेपू बघितला की तोंड फिरवायचात. एकदा गच्चीवर माझ्या कुरडयांच्या शेजारी तुम्ही बिबट्याची विष्ठा वाळत घातलीत, वर्तमानपत्रावर नीट मांडून, प्रत्येक ढेकळाला चिठ्ठी लावून. "त्याने काय खाल्लंय ते कळतं गं यावरून," म्हणालात. मी म्हटलं, "त्याने काय खाल्लं ते तुम्ही बघा, तुम्हाला आज काय खायला मिळतंय ते मी बघते." संध्याकाळी मी शेपूच केला आणि तुम्ही निमूटपणे खाल्लात. हे स्मरणिकेत चालेल बहुतेक. पण मी सांगायला बसलेय ते हे नव्हे.

गेल्या आठवड्यात शामरावांचा फोन आला. शामराव म्हणजे शिराळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी ज्यांचा ऊस आहे, आणि त्या उसाच्या कडेला ज्यांनी तुम्हाला राहायला खोप बांधून दिली ते. हे वाचणाऱ्यांसाठी, तुम्हाला काय सांगायचं? "वैनी, सरांचा चौथरा झालाय सड्यावर. गावानं मिळून बांधलाय. तुमी हात लावल्याबिगर पुरा न्हाई व्हायाचा. रविवारी याच." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. शामरावांच्या समोर जायचं मी आठ वर्षं टाळत आले होते. तुमच्या शेवटच्या दिवसांत, मिरजेच्या दवाखान्यात ते टळलं नाही, तेव्हा मी काय केलं तेही पुढे येईल.

रविवारी निघाले. सांगलीहून शिराळ्याची एसटी, पुढे वडापची जीप. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात, त्यामुळे पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे उसाचा ट्रॅक्टर आणि मधे जीपमध्ये आम्ही चौदा माणसं. मला उतरून परत जावंसं वाटत होतं, पण दार माझ्या बाजूला नव्हतं. फाट्यावर शामराव उभे होते. हातात तुमचीच काठी, खालच्या टोकाला टायरचा तुकडा ठोकलेली. ती त्यांनी मला दिली. "दमानं चलू. तासाभराची वाट हाय. सरांस्नी चाळीस मिन्टं लागायची."

सुरुवातीची वाट उसातून जाते. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, वर हातभर रुंदीचं आभाळ, पायाखाली पाचट. मला वाटायचं, मी इथे चार भिंतींत आणि तुम्ही तिकडे मोकळ्यावर. तुम्ही रोज असल्या बोळातून चालत होतात आणि मी विश्रामबागेच्या गॅलरीत बसून तुमचा हेवा करत होते. एका बांधाशी शामराव थांबले. काठीने दाखवायची सवय असावी, पण काठी माझ्याकडे होती, म्हणून हनुवटीने दाखवलं. "हितंच गावली पयली पिल्लं."

ती गोष्ट मला तोंडपाठ आहे. ऊस तोडता तोडता सरीत मांजराएवढी तीन पिल्लं सापडली. तोडणारे कोयते टाकून पळाले, आणि गावातल्या कुणीतरी कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना, म्हणजे तुम्हाला, फोन केला. तुम्ही तोड थांबवलीत. माणसाचा वास लागू नये म्हणून त्याच सरीतली माती हाताला चोळलीत, पिल्लं टमाट्याच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवलीत आणि सगळ्यांना सांगितलंत, "पिल्लू जिथून उचललं तिथंच ठेवायचं. हातभर इकडं नाही, हातभर तिकडं नाही. आई तिथंच बघायला येते." जागा चुकू नये म्हणून शामरावांनी आपल्या टॉवेलची चिंधी फाडून शेजारच्या उसाला बांधली. दिवस मावळायला क्रेट ठेवून सगळे घरी गेले. सकाळी क्रेट आडवा पडलेला आणि रिकामा. तेव्हापासून दर हंगामात तुम्ही दोघं हेच करत आलात, माती तुमची आणि चिंधी शामरावांची.

आणि दर वेळी सकाळी मला तुमचा फोन यायचा. "नेली गं! तिन्ही नेली!" मी म्हणायची, "बरं झालं. येताना कोथिंबीर आणा." मला आनंद व्हायचा हो. ते मी कोथिंबिरीत घालून सांगायची, आणि तुम्हाला ते कळत असावं, कारण तुम्ही कोथिंबीर कधीच आणली नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

शामराव पुढे, मी मागे. ऊस संपून चढ लागला. ते अधूनमधून मागे वळून "हळू" म्हणायचे, आणि दर वेळी माझ्या मनात यायचं, आता सांगून टाकावं.

आठ वर्षांपूर्वीचा हंगाम. तुम्ही नुकतेच निवृत्त झाला होतात आणि आठवड्यातले पाच दिवस खोपीत राहायला लागला होतात. शामरावांचं वासरू बिबट्याने नेलं. गावच्या बैठकीत ते चिडून म्हणाले, पिंजरा लावाच. तुम्ही समजावलंत की एकाला धरून नेलं तर त्याच्या जागी दुसरा येतो, तो नवखा असतो आणि जास्त त्रास देतो. शामराव धुसफुसत का होईना, गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला फोन केलात. आवाजात लग्न ठरल्यासारखा आनंद. "अगं, ती काल खोपीच्या दारावरून गेली! माझ्या चपलेशेजारी पंजा उमटलाय." खोपीला दार नव्हतंच. पोत्याचा पडदा होता. ते तुम्हीच मला हसत सांगितलं होतंत.

तुमच्या आनंदाच्या फोनांनी इकडे माझं काय व्हायचं, ते तुम्हाला कधी कळलं नाही. चार दिवस मला घास गिळवला नाही. परत या म्हणायची सोय नव्हती, तुम्ही हसला असतात. पाचव्या दिवशी मी वडूजला माझ्या दादाला फोन केला. दादा फौजेतून आलेला. त्याला अडचण सांगितली की तो 'बघू' म्हणत नसे. त्याने वडूजच्या वेल्डरकडून पिंजरा करून घेतला आणि ओळखीतून वन खात्याला देणगी म्हणून पोचवला. मी सांगितलं होतं म्हणून कुणाचं नाव कुठे येऊ दिलं नाही. पिंजरा लागला तो शामरावांच्या बांधावर, कारण वासरू तिथूनच गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी मादी सापडली. गजांवर तोंड आपटून तिने सुळे मोडून घेतले. खात्याची माणसं तिला उपचाराला घेऊन गेली, आणि दोन दिवसांनी जवळच्याच उसात दोन पिल्लं मिळाली. सापडलेली मादी कदाचित दुसरीच असेल, या आशेवर तुम्ही सात संध्याकाळी क्रेट जागेवर ठेवलात. आई येणार कुठून? एक पिल्लू दगावलं. दुसरं जन्मभरासाठी प्राण्यांच्या अनाथालयात गेलं. तिला पिल्लं आहेत हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, असं मी स्वतःला आठ वर्षं सांगतेय. खरंही आहे ते, पण उपयोग होत नाही.

तुम्ही घरी आलात तेव्हा मी पोळ्या करत होते. दारातूनच म्हणालात, "शामने पिंजरा मागवला. माझ्या पाठीमागे." आता सांगायचं, असं मी ठरवलं. पोळी तव्यावर होती, ती करपेपर्यंत मी ठरवतच होते. आणि बोलले काय, तर "त्यांचं वासरू गेलं होतं, त्यांचं तरी काय चुकलं?" तुम्ही म्हणालात, "तू यात पडू नकोस." तुमचं एवढं एक वाक्य मी पुढे तंतोतंत पाळलं.

शामरावांनी तुम्हाला एकदाच सांगितलं होतं, "मी न्हाई मागितला सर." तुम्ही ऐकून पुढे चालू लागलात, आणि त्यांनी परत सांगितलं नाही. तुम्ही त्यांची खोप सोडली नाहीत, काम सोडलं नाहीत. पिल्लं मिळाली की दोघं एकाच क्रेटला दोन बाजूंनी धरून चालायचात. फक्त त्यांच्या घरचा चहा सोडलात. त्यांच्या हौसाबाई आधण ठेवायच्या आणि तुम्ही "आत्ताच झालाय" म्हणून उंबऱ्यावरून परतायचात. तुमचा राग असाच, बिनआवाजी. माझ्या वाट्याला तो दोन-चार दिवस आला तरी मी घाबरीघुबरी व्हायची. शामरावांच्या वाट्याला आठ वर्षं आला, आणि तो माझ्या वाट्याचा होता. एक वर्ष गेलं की दुसऱ्या वर्षी सांगणं जास्त अवघड व्हायचं. दोन वर्षांपूर्वी दादा गेला आणि हे माहीत असलेली मी एकटी उरले.

चढ संपत आला तेव्हा शामराव एका दगडाशी थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, येक इचारू? दवाखान्यात सर काय बोललं का वो माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, "दम लागलाय, जरा बसू." आणि बसले. 

तुम्हालाही हे माहीत नाही. मिरजेच्या दवाखान्यातला तुमचा चौथा दिवस. शामराव पहिल्या गाडीने आले होते, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. तुम्ही जागे होतात, चांगले बोलत होतात. डॉक्टरांनी कुणालाच अडवलं नव्हतं. मी दारातच त्यांना म्हटलं, "आत सोडत नाहीत." तुम्ही दोघं मनमोकळं बोललात तर पिंजऱ्याचा विषय निघणार, आणि निघाला की तो माझ्यापाशी येऊन थांबणार, याची मला भीती वाटली. शामराव दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून संध्याकाळच्या गाडीने परत गेले. ते गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "शाम नाही ना आला?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही कूस बदललीत. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

पंधरा पावलांवर होते हो ते. मधे फक्त मी होते.

सडा म्हणजे काय ते मग बघितलं. तांबडाकाळा जांभा दगड, वाळलेलं गवत आणि वारा. अलीकडे सांगलीचा ऊस, पलीकडे पाटणचे डोंगर, म्हणजे सातारा जिल्हा सुरू. तुम्ही म्हणत होतात तसंच, बघण्यासारखं तिथे खरंच काही नाही. मला रडू आलं ते तिथे, चौथरा दिसायच्या आधीच. एवढंसं मागत होतात तुम्ही.

चौथरा कडेच्या ऐनाच्या झाडाखाली आहे. आणि त्या चौथऱ्यावर पिंजरा होता.

हिरवा पिंजरा. आमच्या वडूजच्या फाटकाचा हिरवा. घरी उरलेला रंग दादाने वापरला असणार. मी तो कधी पाहिला नव्हता, तरी बघताक्षणी ओळखला. आत मागच्या जाळीला तारेने आवळून तुमचा फोटो बसवलेला, हार घातलेला, आणि पिंजऱ्याच्या दाराला कुलूप.

"शामराव, हे काय?"

"फोटू हाय की सरांचा. शिराळ्यास्नं मोठा करून आनला."

"पिंजऱ्यात?"

"आवं, वांदरं लय झाल्यात. पयल्या दिशी हार खाल्ला, दुसऱ्या दिशी फोटू खाली पाडला, काच फुटली. मग म्हनलं, ह्यो पिंजरा खोपीमागं पडूनच हाय. सरांनी परत कुटं लावूच दिला न्हाई. येवढं तरी काम करंल. आठ जनांनी खांद्यावर वर आनला, वैनी. मदी तीनदा बसलो." त्या मेहनतीचा त्यांना अभिमान होता. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पिंजऱ्याकडे, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "आयला. आमच्या डोस्क्यातच आलं न्हाई. जलमभर पिंजरा नगं म्हनला त्यो मानूस, आन आमी त्येलाच..."

रडता रडता मला हसू फुटलं. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. तुम्हाला वांदरांपासून जपायचं म्हणून आठ माणसांनी एवढं लोखंड डोंगरावर चढवलं आणि तुम्हालाच आत कोंडलं. पण माझं तरी वेगळं काय होतं? मीही तुम्हाला जपायलाच हा आणला होता.

"आत्ताच भाईर काढू," म्हणत शामरावांनी किल्ली काढली. दार वरून खाली पडणारं, जाड पत्र्याचं. ते वर अडकवायचा आकडा तुटलेला, म्हणजे एकाने दार उचलून धरायचं आणि दुसऱ्याने रांगत आत जाऊन तार सोडायची. दार मला पेलणार नव्हतं. "मी जाते आत," मी म्हटलं.

काठी खाली ठेवली, पदर खोचला आणि गुडघ्यांवर आत शिरले. आत गंजाचा वास होता. खालच्या दोन गजांवरचा रंग खरवडून गेलेला, लोखंडाला बारीक खळगे. तिचे सुळे इथे मोडले होते. मी त्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. त्या पिंजऱ्यात एकदा शिरलं की वळता येत नाही, एवढी अरुंद जागा. करून घेताना हे मी दादाला विचारलं नव्हतं. समोर तुम्ही होतात, मागे दार, आणि ते दार ज्यांच्या हातात होतं त्यांना मी आठ वर्षं फसवलं होतं.

"गावली का तार?" शामरावांनी विचारलं.

तार हाताला लागली होती. मी ती सोडली नाही. जिथून उचललं तिथंच ठेवायचं, हातभर इकडं नाही, हातभर तिकडं नाही, असं तुम्ही म्हणायचात. याहून नेमकी जागा मला कुठे मिळणार होती? मी तुमच्या फोटोकडे बघून बोलले, मागे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"अहो, हा पिंजरा मी मागवला होता. शामरावांनी नव्हे. दादाला सांगून मी करून घेतला, तुमच्या जिवाला भ्याले म्हणून. शामराव तुमच्याशी खरं बोलले होते."

तार मी तशीच धरून ठेवली. 

"आणि शामराव मिरजेला आले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं. दिवसभर ते बाहेर बाकावर बसून होते. डॉक्टरांनी नाही, मीच आत सोडलं नाही."

दार हललं. पत्रा गजांवर खडखडला आणि वीतभर खाली आला. मला मान वळवता येत नव्हती. ते दार सोडून चालू लागले असते तर सड्यावर मला बाहेर काढायला दुसरं कुणी नव्हतं, आणि मी त्यांना दोषही देऊ शकले नसते. मी तार सोडवायला लागले. पीळ सुटेना. 

"वैनी," मागून आवाज आला, अगदी बारीक. "भाईर या. हात भरून आल्यात."

तुमचा फोटो छातीशी धरून मी मागे मागे सरकत बाहेर आले. मी उभी राहिले तसं त्यांनी दार सोडलं. तो दणका समोरच्या डोंगरावरून परत ऐकू आला. शामराव दंड चोळत होते. ते पिंजऱ्याकडेच बघत म्हणाले, "आठ वर्सं त्या मानसानं माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला न्हाई." मग थोडं थांबून, "मिरजंला मी बाकावर बसून म्हनत हुतो, सरांनीच सांगितलं आसंल, ह्येला आत सोडू नका म्हनून. म्हयनाभर ह्येच डोस्क्यात हाय माझ्या."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी त्यांना दारात अडवलं, एवढंच मी धरून चालले होते. "चुकलं माझं," मी म्हटलं. त्या वाक्याच्या मागेपुढे मी इतक्या वर्षांत किती वाक्यं रचून ठेवली होती, त्यातलं एक आठवेल तर शपथ.

"आनला तुमी," शामराव म्हणाले. "आता न्यायाचं बी तुमीच बघा." मग त्यांनी माझ्या हातातून फोटो घेतला, टॉवेलने तुमचा चेहरा पुसला, फोटो काखेत धरला आणि तुम्हालाच म्हणाले, "चला सर. घरी चला, च्या घ्या."

उतारभर ते माझ्याशी बोलले नाहीत. अवघड जागा आली की थांबायचे, पाठमोरेच, आणि माझ्या काठीचा आवाज जवळ आला की पुढे निघायचे. मी तुमचा विचार करत उतरत होते. तुम्ही ऐकलं असतंत तर काय केलं असतंत? माझ्या हातचा चहा किती वर्षं सोडला असतात? मला तुमचा तो बिनआवाजी राग हवा होता, अहो. तो सोसून संपवता आला असता. आता तो मला कुणीच देणार नाही, आणि त्यातून सुटकाही नाही. वडूजच्या त्याच वेल्डरला मी परवा फोन केलाय, तो येऊन पिंजऱ्याचे तुकडे करून नेणार आहे. चौथरा मग रिकामा राहील. तिथे काही नसेल, म्हणजे तुम्हाला आवडेल.

कॉलेजने हे छापलं तर छापलं. मला आता पाणी नको आहे.

घरी पोचल्यावर शामरावांनी दारातूनच हाक दिली, "सर आल्यात. आधन ठेव." हौसाबाईंनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता आत गेल्या. शामरावांनी पाट मांडून तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं. तीन कप आले. एक त्यांनी स्वतः तुमच्यापुढे ठेवला. माझा हौसाबाईंनी ठेवला. शामराव त्यांचा चहा फुंकून फुंकून प्यायले, शेवटच्या घोटापर्यंत, तुमच्याकडे बघत. तुमच्या कपावर साय धरली. मी माझ्या कपाला हात लावला नव्हता. कोणत्या तोंडाने लावायचा ते कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते उठले, तुमचा कप उचलला, उभ्यानेच सायीसकट पिऊन टाकला आणि पालथ्या हाताने तोंड पुसलं. "सरांनी घेतला," ते हौसाबाईंना म्हणाले. हौसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मग सड्यावरून उतरल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वैनी, तुमचा निवतोय."

मला साखर चालत नाही आणि चहा पाकासारखा गोड होता. मी सगळा प्यायले.